साधुवाण्याची नौका आणि न परतलेल्या बोटी

आमच्या इंदूरच्या घरी वर्षातून दोनदा तरी सत्यनारायणाची पूजा होत असे. चौरंगास केळीचे खुंट बांधलेले, शिऱ्यातल्या वेलदोड्याचा वास घरभर पसरलेला, आणि गुरुजी एका लयीत अध्यायामागून अध्याय सांगत चाललेले. तीन अध्यायांपर्यंत आजी पुढल्या ओळीत हात जोडून बसलेली असे. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नौका गावच्या काठाला लागे आणि पतिदर्शनाच्या उत्कंठेने कलावती प्रसाद न घेताच धावत सुटे. त्या क्षणी आजी हलकेच उठून माजघरात जाई. नौका पुन्हा वर आली, शंख वाजला, की ती परत येऊन आपल्या जागी बसे. लहानपणी आम्हांस वाटे, की ती प्रसादाची पातेली पाहावयास जाते. खरे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. आजीचे वडील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारवारकडच्या एका बंदरातून सुपारी भरलेल्या फत्तेमारीवर चढले आणि पुन्हा घरी आले नाहीत. त्यांच्या जाण्यापूर्वी घरात सत्यनारायण झाला होता. पुढे कित्येक वर्षे भाऊबंदांत एकच गोष्ट कुजबुजली जाई, की घरातील कोणीतरी प्रसाद टाकला असला पाहिजे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे आजीची आई, हे सांगण्याची कोणास गरज वाटत नसे.

ही घरगुती हकीगत आरंभीच सांगितली, कारण तीत वाङ्मयविचाराचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जी कथा एका नौकेच्या बुडण्याचा अर्थ सांगते, तीच कथा प्रत्यक्ष बुडालेल्या जहाजांना लावता येते काय? आणि लावली तर ती कोणास सावरते व कोणास घायाळ करते? एकोणिसावे शतक हे सागरी आपत्तींचे शतक होते. शिडांची जहाजे अजून चालतच होती आणि आगबोटी नव्याने आल्या होत्या. यात्रेकरू, चाकरमाने, व्यापारी आणि विद्यार्थी पूर्वी कधी नव्हते इतक्या संख्येने समुद्रावर जाऊ लागले होते. त्या शतकाच्या बुडालेल्या बोटींविषयी आपल्या देशात लोकगीत झाले, काव्य झाले, सरकारी चौकशीही झाली. या सर्व कथनांना आपल्या व्रतकथेशेजारी ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथेकडे वळू. सत्यनारायणाची कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातील म्हणून प्रसिद्ध आहे. रेवा म्हणजे नर्मदा. इंदुरास समुद्र नाही. पण १९७८ पासून या शहराच्या नळांना नर्मदेचेच पाणी येते, आणि पूजेच्या कलशात तेच भरले जाते. समुद्रापासून इतक्या दूर, रेवेच्या पाण्याने संकल्प सोडून आम्ही माळव्यातील माणसे एका दर्यावर्दी वाण्याची गोष्ट ऐकतो, ही गोष्टच मोठी सूचक आहे.

या कथेत नौकेवर दोनदा संकट येते आणि ही दोन संकटे एका जातीची नाहीत. पहिल्या प्रसंगी दंडधारी संन्याशाच्या रूपाने भगवान साधुवाण्यास विचारतात, की तुझ्या नावेत काय आहे? तो उपहासाने उत्तरतो, की वेली आणि पाने आहेत. तत्काळ धनाची वेली-पाने होतात. येथे अपराध ज्याचा, हानीही त्याचीच, आणि ती हानी त्याच्याच शब्दांतून उमटलेली. रचनेच्या दृष्टीने हा प्रसंग निर्दोष आहे. ज्याने संततीसाठी केलेला नवस प्रथम कन्येच्या विवाहापर्यंत आणि विवाहानंतर आणखी पुढे ढकलला, त्याच्या शब्दाची किंमत पानांएवढीच ठरावी, यात कथाकाराचा सूक्ष्म न्याय आहे.

दुसऱ्या प्रसंगाचे तसे नाही. प्रसाद टाकते ती कलावती, आणि बुडतो तो तिचा पती, ज्याने काहीही केलेले नाही. त्यापूर्वी तो सासऱ्याबरोबर परक्या राजाच्या बंदिशाळेत चोरीच्या खोट्या आळाखाली दिवस काढून आलेला आहे. कथाकारासही हा ताण जाणवलेला दिसतो. काठावर उभी असलेली माणसे गोंधळून जातात. नौका बुडाली, की दृष्टीआड झाली, की ही देवाची माया, याचा निश्चय कोणासच होत नाही. लीलावती विलाप करते, कलावती पतीच्या पादुका घेऊन सहगमनास सिद्ध होते. मग आकाशवाणी होते, कलावती घरी जाऊन प्रसाद घेते, आणि परत येऊन पाहते तो पती नौकेसह समोर उभा.

कथेचे मर्म या परतण्यात आहे. बुडणे आणि वर येणे यांत अवघ्या काही श्लोकांचे अंतर आहे. कथाकार इतका कठोर होऊ शकतो तो पुनःप्राप्ती त्याच्या हाती आहे म्हणून. लेकराचे खेळणे क्षणभर पाठीमागे लपवून ‘आधी हात जोड’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा तो कठोरपणा आहे. खेळणे मोडून टाकणाऱ्याचा नव्हे. व्रतकथा हा वाङ्मयप्रकार उतलेल्या-मातलेल्यास वळणावर आणण्यासाठी असतो, आणि ज्यास वळणावर आणावयाचे त्याचे सर्वस्व परत मिळाल्यावाचून कथा संपत नाही. म्हणूनच कथेच्या शेवटी आपण शंख वाजवतो. ज्या कथेत माणूस परत येत नाही, ती व्रतकथा राहत नाही. तिचे नाव दुसरे आणि तिचा न्यायही दुसरा.

पाश्चात्त्य वाङ्मयातही या जातीचे बुडणे आहे. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’चे मराठी रूपांतर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५ साली केले. त्या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात जहाज फुटते, आक्रोश होतो. आणि पुढल्याच प्रवेशात कळते, की कोणाच्या केसासही धक्का लागलेला नाही. वादळ उठवणाऱ्यास अपराध्यांकडून पश्चात्ताप हवा होता, प्राण नको होते. आमच्या कथेवर वाढलेल्या मराठी वाचकास हे नाटक परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता कथेतून बाहेर पडून समुद्रावर येऊ. माळव्याचा समुद्राशी संबंध केवळ पोथीपुरता होता, असे समजणे चुकीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. १८३१ च्या सुमारास कंपनी सरकारने परवान्याची पद्धत सुरू केल्यावर इंदूर हे त्या व्यापाराचे मोठे ठाणे झाले. पेट्या येथे वजन व्हावयाच्या, शुल्क भरावयाचे, आणि मग घाट उतरून माल मुंबईच्या बंदरी जावयाचा. या व्यापाराने चीनमध्ये जी माणसे बुडवली त्यांचा हिशेब कोणत्याही जहाजाच्या हिशेबाहून मोठा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. या व्यापारातील दोन मोठी नावे जुळली ती एका दुर्दैवी सफरीत. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ नावाचे इंग्रजी जहाज फ्रेंचांनी सिंहलद्वीपाजवळ पकडले. त्यावर तरुण पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई होते, आणि जहाजाचा शस्त्रवैद्य होता विल्यम जार्डिन. पुढे ते जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी फुटले. प्रवासी मात्र वाचले, आणि त्या ओळखीतून पुढे मुंबई व चीन यांमधील अफूच्या व्यापारातील मोठी भागीदारी उभी राहिली.

समुद्रावर माल पाठवणाऱ्या देशी पेढ्यांच्या व्यवहारात बुडणाऱ्या जहाजाचा अर्थ लावण्याची एक स्वतंत्र रीत होती. तिचे नाव जोखमी हुंडी. जहाजावर माल चढवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती तिसऱ्यास विके. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे. जहाज बुडाले तर हुंडीही त्याबरोबर बुडाली. विकत घेणारा ही जोखीम जाणून कमी किमतीत हुंडी घेई. या कागदाकडे वाङ्मय म्हणून पाहिले तर त्यात एक विलक्षण तटस्थता दिसते. जहाज का बुडाले, कोणाच्या पापाने बुडाले, हा प्रश्नच तो विचारत नाही. समुद्र हा समुद्र आहे, काही नौका पोचतील आणि काही पोचणार नाहीत, एवढे मानून तो हानी अनेकांत वाटून टाकतो. साधुवाण्याच्या वंशजांनी घरी कथा ऐकावी आणि पेढीवर जोखमी हुंडी लिहावी, यात त्यांना विसंगती वाटली नाही. घरची कथा वागणुकीसाठी आणि पेढीचा कागद समुद्रासाठी, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

परंतु या कागदातही एक उणीव आहे. तो मालाचा हिशेब ठेवतो, माणसांचा ठेवत नाही. विम्याचे पैसे पुरते मिळणार असतील तर मालकास जहाजाची काळजी राहत नाही, हे इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी १८७३ साली ‘अवर सीमेन’ या पुस्तकातून चव्हाट्यावर आणले. कुजकी, मर्यादेबाहेर भरलेली जहाजे मोठ्या रकमेला उतरवून समुद्रावर सोडली जात आणि खलाशी मरत. त्यांच्या खटपटीने १८७६ साली जहाजांच्या अंगावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. ती रेषा कोठे असावी हे मात्र प्रारंभी मालकांवरच सोपवलेले होते. १८९० च्या कायद्याने ती मोकळीक गेली. जहाजाच्या अंगावरील ती एक रेघ म्हणजे बुडण्याविषयीच्या विचारातील मोठे स्थित्यंतर होय. प्रवाशाचे पाप आणि समुद्राची लहर यांखेरीज बुडण्याला तिसरेही कारण असू शकते, आणि ते धक्क्यावर उभे राहून डोळ्यांनी पाहता येते, हे तिने शिकवले.

या तिसऱ्या कारणाची आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत दारुण साक्ष म्हणजे ‘वैतरणा’. १८८५ साली स्कॉटलंडात बांधलेली ही आगबोट मुंबईच्या शेफर्ड कंपनीची होती. विजेच्या दिव्यांनी उजळलेली म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, दिवाळी नुकतीच झालेली असताना, ती कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. द्वारकेस आणखी प्रवासी चढले. हवा बिघडल्यामुळे ती पोरबंदरास थांबली नाही. त्या संध्याकाळी मांगरोळच्या बाजूस ती दिसली आणि रात्रीच्या तुफानात नाहीशी झाली. तिच्यावर सातशेंहून अधिक माणसे होती. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेस निघालेले विद्यार्थी त्यांत होते, लग्नाची वऱ्हाडे होती. एकही प्रेत काठास लागले नाही. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन ऋतूंत चक्रीवादळे उठतात. चौतीस वर्षांपूर्वी, १८५४ च्या नोव्हेंबरात, मुंबई बंदरानेही असाच तडाखा खाल्ला होता. म्हणजे त्या दिवसांत समुद्र विश्वासाचा नसतो, हे अनुभवी माणसांस ठाऊक होते.

नावातील दैवयोग पाहण्यासारखा आहे. कोकणातील एका नदीचे हे नाव, आणि पुराणातील यममार्गावरच्या नदीचेही हेच. कंपनीने अर्थात नदीचेच नाव दिले असणार. लोकांनी ते टाकून ‘वीजळी’ हे नाव घेतले. पण ही बोट मराठी नावाची आणि मुंबईच्या कंपनीची असूनही तिचे शोकगीत गुजरातीत झाले. कारण रडणारी घरे कच्छ-सौराष्ट्रातील होती. ‘हाजी कासम, तारी वीजळी’ या नावाने ते गीत आजवर गायिले जाते. झवेरचंद मेघाणी यांनी ते आपल्या लोकगीतसंग्रहात घेतले, आणि गुणवंतराय आचार्य यांनी याच विषयावर त्याच नावाची कादंबरी लिहिली.

समीक्षकाने या गीताकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्याचे संबोधन हाजी कासम या एका माणसाला आहे. लोकांनी त्यास बोटीचा कप्तान मानले. पोरबंदरचा इंग्रज अधिकारी लेली याने ‘पुढे जाऊ नको’ असे विनवले आणि कप्तानाने ते मानले नाही, असेही लोककथा सांगते. म्हणजे गीतात कारणाची जाणीव आहे. तरीही ते गीत शाप देत नाही. ‘तुझी वीजळी’ या शब्दांत दोषारोप आहे तसा सहभागही आहे. जणू बोट ज्याची त्याचाही शोक त्यात आहे. गीताची खरी शक्ती तपशिलात आहे. तेरा वऱ्हाडे, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, वाट पाहणारी घरे. बुडालेल्यांच्या पापाविषयी त्यात चकार शब्द नाही. द्वारकेहून द्वारकाधीशाचे दर्शन घेऊन बोटीत बसलेल्या माणसांनी कोणता प्रसाद टाकला होता, असे विचारण्याचे त्या गीताच्या मनातही येत नाही. लोकांच्या शोकाला हे उपजत शहाणपण असते.

गीताच्या शेजारी सरकारी चौकशीचे निष्कर्ष ठेवावे. मुंबई सरकारने नेमलेल्या सागरी चौकशीत आढळले, की बोटीवर पुरेशा होड्या आणि पुरेसे जीवरक्षक पट्टे नव्हते. चौकशीची भाषा कोरडी असते, तिला रस नसतो; पण सातशे जीवांचा प्रश्न जेथे आहे तेथे ‘पट्टे नव्हते’ हे दोन शब्द कोणत्याही विलापाहून अधिक अंगावर येतात. गीताने माणसे जपली आणि चौकशीने कारण जपले. एकाने दुसऱ्याचे काम करावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दोन्ही एकत्र वाचली, तरच ‘वैतरणे’वर काय घडले ते कळते.

व्रतकथेच्या श्रोत्यास याहूनही जवळचा असा दुसरा प्रसंग आहे, आणि तो ‘वैतरणे’च्या आदल्याच वर्षीचा. २५ मे १८८७ रोजी ‘सर जॉन लॉरेन्स’ नावाची आगबोट कलकत्त्याहून ओरिसातील चांदबालीस निघाली असता चक्रीवादळात सापडून बुडाली. तिच्यावरील शेकडो प्रवासी श्रीजगन्नाथाच्या दर्शनास पुरीस निघालेले होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. देवाच्याच वाटेवर ही माणसे गेली. येथे ‘प्रसाद टाकला’ हे उत्तर क्षणभरही टिकत नाही, कारण ही सारी माणसे प्रसाद घ्यावयासच निघाली होती. त्यांच्या स्मरणार्थ कलकत्त्यास हावडा पुलानजीकच्या घाटावर एक शिलालेख बसवण्यात आला. तो काही इंग्रज स्त्रियांनी बसवला, ही गोष्ट आपणांस अंतर्मुख करणारी आहे. परधर्मी बायकांना या यात्रेकरूणींच्या मरणात अर्थ शोधावासा वाटला नाही. स्मरण ठेवावेसे मात्र वाटले.

या घटनेवर रवींद्रनाथांनी ‘सिंधुतरंग’ ही कविता लिहिली. ती ‘मानसी’ या संग्रहात आहे. त्या वेळी कवीचे वय पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. कवितेत समुद्र हा आंधळ्या, निर्जीव शक्तीचा उन्माद म्हणून येतो. त्याला ना मन, ना ऐकू येणारे कान. आणि त्याच्या मधोमध एक आई आपले लेकरू छातीशी घट्ट धरून आहे. समुद्र ते हिरावून घेणार हे दिसत असताही ती हात सोडत नाही. कवी विचारतो, की एकाच विश्वात हे निर्दय जडत्व आणि हे मातृहृदय दोन्ही कसे? यांतील कोणते खरे? तो उत्तर देत नाही. प्रश्नच देवापुढे ठेवून थांबतो. भाविक घराण्यात वाढलेल्या वाचकास ही कविता नास्तिकतेकडे झुकलेली वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. उत्तर नसताना ते असल्याचे सोंग न आणणे हेही सत्यव्रतच आहे, आणि सत्यनारायणाच्या नावातील पहिले पद विसरून चालत नाही.

याच्या उलट टोकाचे काव्य इंग्रजीत आहे. १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलांट’ नावाची जर्मन आगबोट टेम्स नदीच्या मुखाबाहेरील वाळूच्या दांड्यावर आदळली आणि तिच्यावरील पाच जोगिणी बुडाल्या. देशातील कायद्याने त्यांना परागंदा व्हावे लागले होते. जेराल्ड मॅन्ली हॉपकिन्स या पाद्री कवीने त्यांवर दीर्घ काव्य रचले. ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. १९१८ साली छापले गेले. हॉपकिन्सला त्या वादळातही ईश्वराचाच हात दिसतो; मरतानाची एका जोगिणीची हाक ही त्याला पराभवाची वाटत नाही, भेटीची वाटते. म्हणजे हे काव्य बुडण्याला अर्थ देते. पण तो कसा देते ते पाहावे. कवी बुडालेल्यांच्या बाजूस उभा राहून अर्थ शोधतो. ‘त्यांचे काही चुकले म्हणून’ असे एकही पद त्यात नाही. दुःखाला अर्थ देणे आणि दुःखिताला दोष देणे या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली की धर्मविचारही बिघडतो आणि वाङ्मयविचारही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, ‘तुम्ही परक्यांची काव्ये आणि सरकारी कागद पुढे करून आमच्या कथेस उणे ठरवता. कर्मसिद्धांत मानणाऱ्याने प्रत्येक आपत्तीमागे काही कारण मानलेच पाहिजे.’ यास माझे उत्तर आपल्याच परंपरेतून आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवान म्हणतात, की मृत्युरूपी संसारसागरातून भक्तांचा उद्धार मी करतो. त्या एका श्लोकावर शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी जे रूपक उभारले, ते मराठीतील समुद्राविषयीचे सर्वांत मोठे चिंतन आहे, असे मला वाटते. देव येथे नामांच्या हजारो नावा सिद्ध करून स्वतः तारू झालेला आहे. जे एकटे आहेत त्यांना तो ध्यानाच्या कासेस लावतो, जे संसारी आहेत त्यांना तराफ्यावर घालतो, आणि कोणाच्या पोटास प्रेमाची पेटी बांधून त्यांना तीरास आणतो. ज्याला जसे साधन हवे तसे त्याला!

हे रूपक ‘वैतरणे’च्या चौकशीशेजारी ठेवून वाचावे. पोटाला बांधलेली पेटी, संसाऱ्यांसाठी तराफा, असंख्य नावा: चौकशीने ज्या वस्तू बोटीवर नव्हत्या म्हणून सांगितले, त्याच वस्तू सहाशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरांच्या देवाने भक्तांसाठी सिद्ध ठेवल्या होत्या. बुडणाऱ्यास समोर पाहून हा देव ‘तू प्रसाद घेतला होतास काय’ असे विचारीत नाही. त्याच्या पोटास पेटी बांधतो. संतांच्या वाणीतून भवसागर हा शब्द आपण इतका ऐकतो, की त्यातील सागर आपल्याला ओला वाटेनासा झाला आहे. ज्ञानेश्वरांच्या रूपकात तो ओला आहे, त्याला खोली आहे, आणि त्यात बुडणारी माणसे खरी आहेत. म्हणून रूपक असूनही ते वागणूक शिकवते. ज्याने ही ओवी वाचली, त्या आगबोटीच्या मालकाने पट्टे मोजून ठेवावेत; आणि ज्याने ऐकली, त्या भाऊबंदाने विधवेच्या दारात उभे राहून प्रसादाचा हिशेब मागू नये.

विसाव्या शतकानेही हा धडा पुरता घेतला नाही, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. कोकण किनाऱ्यावर ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या आगबोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावस्येस, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली. संतांची नावे बोटींना होती. संतांनी सांगितलेली पेटी मात्र सर्वांच्या पोटाला नव्हती.

तेव्हा कथा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. आमच्या घरी पूजा अजून होते आणि चौथा अध्याय गाळला जात नाही. पण तो ज्या प्रकारचा आहे त्या प्रकाराने ऐकावा. साधुवाण्याची नौका वर येते. म्हणून तिची गोष्ट सुखाने मातलेल्यांसाठी आहे. ज्यांचे सारे सुरळीत आहे आणि ज्यांनी दिलेला शब्द पुढे ढकलला आहे, त्यांना ती बरोबर लागू पडते. ज्यांची नौका वर आली नाही, त्यांच्यासाठी ती सांगितलेलीच नाही. त्यांच्यासाठी लोकगीताची माया आहे, चौकशीचा न्याय आहे, कवीचा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि ज्ञानेश्वरांचा तारू झालेला देव आहे. कोणती कथा कोणाच्या दारात सांगावी, हे ओळखणे हा रसिकतेचा भाग आहे, आणि माझ्या मते भक्तीचाही.

आजीच्या अखेरच्या वर्षांत मी तिला एकदा विचारले, की आता इतका काळ लोटला, तरी चौथ्या अध्यायाला उठून का जातेस? इंदुरात साठ वर्षे राहून ती आमच्याशी माळव्याच्या वळणाची मराठी बोले. मनातले काही असेल तेव्हाच कोंकणी येई. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तो प्रसाद घेवनूच गेल्लो.’’ आईने स्वतः वडिलांच्या हातावर प्रसाद ठेवला होता, आणि पाच-सहा वर्षांच्या तिने तो पाहिला होता. एवढी एक साक्ष तिने जन्मभर जवळ बाळगली; तिला विचारणारे मात्र कोणी भेटले नव्हते.

पुढल्या पूजेस मी गुरुजींना पाचवा अध्याय संपल्यावर बारावा अध्याय उघडावयास सांगितले आणि त्या ओव्या वाचून घेतल्या. आजी त्या दिवशी चौथ्या अध्यायाला उठलीच, सवयीने. पण ओव्या सुरू झाल्या तेव्हा ती पुढल्या ओळीत होती, आणि शेवटपर्यंत बसून होती.